पापणी एक, अर्थ दोन

"लॅश लिफ्ट म्हणजे काय गं?" आमच्या सासूबाईंनी नातीला विचारले. "पापण्या वर उचलतात, आजी. मी करणार आहे, आणि आईपण." सासूबाईंच्या हातातली चहाची बशी हिंदकळली. "लग्नाला तीन आठवडे राहिले आणि डोळ्यांचं ऑपरेशन करून घेता?"

आम्ही सगळ्या हसलो. पण नंतर वाटले, त्यांचे काय चुकले? मराठीत पापणी म्हणजे डोळ्यावरचे झाकण, आणि त्या झाकणाच्या काठावरचे केस म्हणजेही पापणीच. यातला घोळ निव्वळ शब्दांचा नव्हता, हे पुढे कळायचे होते.

त्या दिवशी आमच्या सांगलीच्या घरात या विषयावर परिसंवादच झाला म्हणाना! नणंद म्हणाली, त्यात खोटे केस चिकटवतात आणि ते काढताना खरे उपटून येतात. शेजारच्या वहिनींना वाटत होते, एकदा केले की जन्मभराचे काम झाले. कोणी म्हणाले, त्यापेक्षा एरंडेल लावा. कोणी म्हणाले, लहानपणी पापण्या कातरल्या की दाट येतात. मीही त्यात मागे नव्हते. यात केराटिन असते, केसांना खाऊ मिळतो, असे मी कुठल्याशा डबीवर वाचले होते आणि शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवूनही त्यावर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींबरोबर मीही पार्लरमध्ये गेले. पार्लरवालीने आधी पुतणीच्या कानामागे औषधाचा ठिपका लावला आणि "दोन दिवसांनी या, खाज-लाली आली नाही तरच करीन" म्हणून परत पाठवले. ही बाई मला तेव्हाच आवडली.

दोन दिवसांनी काम झाले ते असे. पुतणीला आडवे निजवून डोळे मिटायला लावले. खालच्या पापणीवर संरक्षक पट्टी आणि वरच्या पापणीवर सिलिकॉनची मऊ, बाकदार पट्टी ठेवली. पापणीचा एकेक केस डिंकासारख्या द्रव्याने त्या पट्टीवर उभा चिकटवला. वरच्या पापणीला असे शंभर-दीडशे केस असतात. बघणाऱ्याचीच मान अवघडते! मग एक द्रावण, काही मिनिटांनी दुसरे, की संपले. तास पुरता झाला नव्हता.

यात एकही खोटा केस नाही. केस केराटिनचाच बनलेला असतो आणि त्या केराटिनचे धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. पहिले द्रावण ते दुवे सोडवते, दुसरे नव्या आकारात पुन्हा बांधते. डोक्याचे केस कुरळे करणाऱ्या पर्मिंगमागचे तत्त्व तेच, आणि ते काही कालचे नव्हे. कार्ल नेस्लर या जर्मन केशकाराने 1906 साली लंडनमध्ये तापलेल्या नळ्या वापरून पर्मिंगचे प्रात्यक्षिक केले होते. पण म्हणून डोक्याचे औषध पापणीला चालते असे नाही. डोळा बोटभरही लांब नसतो, त्यामुळे द्रावण सौम्य लागते आणि हात सराईत. घरी आरशासमोर एक डोळा मिटून करण्याचा हा उद्योग नाही.

राहिला माझा 'खाऊ'. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो खात नाही, पीत नाही. कातरल्याची बातमीही मुळाला कळत नाही. एरंडेलाने केस तुकतुकीत दिसतो, तो वाढतो याला पुरावा नाही. पापण्या खरोखर वाढवणारे औषध आहे, पण ते काचबिंदूच्या थेंबांतून निघाले. ते थेंब घालणाऱ्यांच्या पापण्या लांब होताना दिसल्या आणि 2008 साली अमेरिकेत त्याला त्यासाठी मान्यता मिळाली. त्याने पापणीची त्वचा आणि कधी बुबुळाचा रंगही गडद होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लॅश लिफ्टने केस वाढत नाही, फक्त वळतो. आणि पापणीचे केस गळून नवे सरळ येत राहतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांत बाकही जातो.

"काळा रंगपण लावा ना, घरचा कलप आहे माझ्याकडे," जाऊ मध्येच म्हणाली. पार्लरवालीने कानाला हात लावला. तिचे बरोबरच होते. 1933 च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा कलप निघाला होता. त्यातल्या पॅराफेनिलिनडायअमाइनने बायकांचे डोळे गेले, मृत्यूही झाला, आणि 1938 साली तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला त्यात या प्रकरणाचाही वाटा होता. तेच रसायन आजही केसांच्या कितीतरी कलपांत असते.

मग जाऊची पाळी आली. पार्लरवालीने तिला खुर्चीत बसवले, दिव्याखाली नीट पाहिले आणि विचारले, "काकू, तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

"हा डावा डोळा बघ ना, अर्धा मिटल्यासारखा दिसतो. संध्याकाळी तर फारच. फोटोत बरं दिसत नाही. उचलून दे थोडा."

"काकू, मी केस वळवते. पापणी उचलणं माझं काम नाही. केस वर गेले तरी डोळा आहे तेवढाच उघडणार. तुम्ही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा."

जाऊचा चेहरा पडला. पैसे मिळत असताना ही मुलगी नाही का म्हणते, असे क्षणभर मलाही वाटले. रिक्षात मी विचारले तेव्हा कुठे जाऊ बोलती झाली. "ताई, संध्याकाळी कधी कधी एकाचे दोन दिसतात मला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून बोलले नाही. लग्नाच्या गडबडीत कोण दवाखाने करणार?"

मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचेच गाव. डॉक्टरांनी गिळताना, चावताना, श्वास घेताना त्रास होतो का ते खोदून विचारले. मग रबरी हातमोज्यात बर्फ भरून मिटलेल्या डाव्या डोळ्यावर दोन मिनिटे धरला. बर्फ काढला आणि अहो, पापणी वर आलेली! थोड्या वेळाने पुन्हा उतरली. मी शिक्षिका असूनही हे मला जादूच्या खेळासारखे वाटले. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, वापराने स्नायू थकत जातो, म्हणून सकाळी बरे आणि संध्याकाळी वाईट; गारव्याने तो निरोप काही वेळ बरा पोचतो, असे त्यांनी समजावले. आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. पुढे रक्ततपासणीने ते पक्के झाले, छातीतली एक ग्रंथी पाहण्यासाठी स्कॅनही झाला. सुदैवाने त्रास डोळ्यांपुरताच होता. काहींना तो गिळण्याच्या आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो, म्हणून नेमाने दाखवायला बजावले. गोळ्या सुरू झाल्या.

स्वागत समारंभ संध्याकाळचा होता. सातची गोळी मी पर्समध्ये ठेवली होती आणि व्यासपीठाच्या मागे नेऊन तिला दिली. फोटोत डावा डोळा उजव्याहून किंचित लहान आहे, पण उघडा आहे. पाठवणीला पुतणी इतकी रडली की काजळ गालांवर आले. पापण्यांचा बाक मात्र तसाच होता. सासूबाईंनी तो चष्मा लावून जवळून पाहिला आणि पार्लरवालीला बोलवून लग्नाचे लाडू दिले, दोन डबे.