फिजिओ की ऑक्युपेशनल थेरपी? आधी पेशंटचा दिवस लिहून काढा



मागच्या महिन्यात पौडजवळच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. सासूबाईंना लकवा होऊन चार महिने झालेत. फिजिओथेरपीवाले घरी येतात, त्यांचे पैसे द्यायचे होते. ताई म्हणाल्या, "काठी धरून अंगणापर्यंत जातात आता. पण घास मीच भरवते, कपडे मीच घालते. फिजिओच चालू ठेवू, की ते ऑक्युपेशनल का काय म्हणतात ते घेऊ?" बैठकीत कुणालाच नीट सांगता येईना. मलाही अर्धवटच माहीत होतं. नंतर विचारून घेतलं, ते इथे सांगते.

दोन्हींत फरक काय?

फिजिओथेरपी म्हणजे भौतिकोपचार. यात शरीराच्या हालचालीवर काम होतं: स्नायूंची ताकद, आखडलेले सांधे, तोल, उठणं-बसणं, चालणं, पायऱ्या चढणं.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार. व्यवसाय म्हटलं की आपल्याला पापड-मसालेच आठवतात! पण इथे व्यवसाय म्हणजे माणसाची रोजची कामं: जेवणं, अंघोळ, कपडे, वेणी, संडासला जाणं, चहा टाकणं. ही कामं पुन्हा स्वतः कशी करायची ते शिकवतात, आणि त्यासाठी घरात काय बदलायचं तेही सांगतात. हे काही नवीन खूळ नाही. कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं.

मग ठरवायचं कसं?

"चांगली कुठली?" असं विचारू नका. "अडतंय कुठे?" असं विचारा. वहीत सकाळपासून रात्रीपर्यंतची कामं लिहा. प्रत्येकापुढे लिहा: स्वतः करतात, मदत लागते, की जमतच नाही. का जमत नाही, तेही लिहा.

- उठता येत नाही, तोल जातो, पाय उचलत नाही, गुडघा वाकत नाही: आधी फिजिओ. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं असेल तरी बहुतेकदा हेच. पायावर किती भार द्यायचा ते मात्र डॉक्टर सांगतील.
- उठतात, चालतात, पण बटण, घास, तांब्या जमत नाही, किंवा कामाचा क्रमच विसरतात: ऑक्युपेशनल थेरपी.
- दोन्ही अडतंय: दोन्ही लागतील. लकव्यात बऱ्याचदा असंच असतं. पैसे कमी असतील तर आत्ता सगळ्यात जास्त कशानं अडलंय, ते आधी घ्या.

ही वही डॉक्टरांना दाखवा, त्यांना सल्ला देणं सोपं जातं. थेरपिस्टची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. दोघांचीही नोंदणी याच परिषदेत होते. पहिल्याच दिवशी विचारा, "महिन्याभरात काय जमायला हवं? घरी आम्ही काय करून घ्यायचं?" रोज बोलावणं परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि व्यायाम शिकून घ्या.

घरी एवढं पाळा

- अधू हात ओढून उठवू नका, खांदा दुखावतो.
- ब्लाऊज घालताना आधी अधू हात बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा.
- चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा, पकड येते.
- मोरीत पाटाऐवजी न हलणारी खुर्ची ठेवा.
- जमेल ते त्यांना करू द्या. वेळ लागतो, पण सगळं आपणच केलं तर हात तसाच राहतो.

आणि हे विसरू नका: तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर मालिश करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

त्या ताईंनी वही लिहिली, तर अडलेली बहुतेक कामं हाताची निघाली. डॉक्टरांना विचारून त्यांनी ऑक्युपेशनल थेरपी सुरू केली. फिजिओचे व्यायाम घरीच करून घेतात. गटानं कर्ज मंजूर केलं. परवा ताईंचा फोन आला, "सासूबाई स्वतःच्या हातानं भात खातात. अर्धा सांडतो, पण खातात."

तुमच्या गटात कुणाच्या घरी असं आजारपण असेल, तर पुढच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा आणि त्या ताईला वही लिहायला मदत करा.