घरगुती फ्रीज : निर्धोक वायूच्या शोधाची वाटचाल

माठातील पाणी गार का होते, हे आपण जाणताच. माठातून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. फ्रीजही याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की माठाची वाफ हवेत निघून जाते, तर फ्रीजमधील द्रव बंद नळ्यांतून फिरत राहतो. आत त्याची वाफ होऊन तो उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो. मागील जाळीत ती उष्णता बाहेर टाकते व पुन्हा द्रवरूप होते.

अशा यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडन येथे घेतले. त्यात ईथर वापरले होते. पुढे जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात अमोनियावर चालणारी यंत्रे बनविली. परंतु ती कारखान्यांसाठी होती. विजेवरील घरगुती फ्रीज अमेरिकेत १९१० नंतरच्या दशकात आले. १९२७ मधील ‘मॉनिटर टॉप’ या फ्रीजची विक्री दहा लाखांवर गेली.

मात्र त्या काळी सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू वापरले जात. गळती झाल्यास घरातील माणसे दगावत. म्हणून १९२८ मध्ये थॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी व न पेटणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू पुढे आणले. फ्रीज घरोघरी पोहोचला. परंतु हेच वायू ओझोनच्या थराला मारक ठरतात, असे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखविले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला.

आता बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन (आर ६००ए) असतो. तो ओझोनला अपाय करीत नाही, पण ज्वलनशील आहे. त्याचे प्रमाण थोडे असले तरी पुढील काळजी घ्यावी :

१) साचलेला बर्फ सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. नळीला भोक पडून वायू गळतो. फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा.

२) भिंत व फ्रीज यांत मोकळी जागा ठेवावी, म्हणजे उष्णता बाहेर पडते व वीजही कमी लागते.

३) गळतीची शंका आल्यास जवळ काडी वा स्टोव्ह पेटवू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि जाणकार कारागिरास बोलवावे.

माठ फुटला तर पाणी सांडते. फ्रीजची नळी फुटली तर धोका घरात शिरतो, हे ध्यानात ठेवावे.