आईचे स्कार्फ विकायचे नाहीत

२०२४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. इथे स्कारबरोमधल्या एका चर्चच्या तळघरात हस्तकलेचा बाजार भरला होता. सहा फुटी टेबल, त्यावर आईची जुनी इरकल अंथरलेली. एका बाजूला मी रंगवलेल्या लोकरीच्या लडी, दुसऱ्या बाजूला आईने विणलेले सात स्कार्फ. टेबलाचे भाडे साठ डॉलर, तेही आगाऊ भरलेले. बाहेर बर्फ भुरभुरत होता, त्यामुळे गिऱ्हाईक येईल की नाही याची धाकधूक.

साडेदहाच्या सुमारास एक गोऱ्या आजी आल्या. त्यांनी आमसुली रंगाचा स्कार्फ उचलला, गालाला लावला, उलटा करून टाके बघितले आणि पासष्ट डॉलर काढून दिले. घासाघीस नाही, काही नाही. शेजारी कानटोपी घालून बसलेल्या आईने मला हळूच विचारले, "रुपयात किती झाले गं?"

"साधारण चार हजार."

आई गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "एवढे पैसे मी आयुष्यात एका दिवसात मिळवले नव्हते."

दुपारपर्यंत सातातले चार स्कार्फ गेले. त्या चार स्कार्फवरून पुढे आमच्या घरात आठ दिवस अबोला होता. ते सांगतेच, पण आधी मी या लोकरीच्या भानगडीत कशी पडले ते सांगते.

मी शिक्षणाने अकाउंटंट. २०२० मध्ये नोकरी गेली, त्या काळात अनेकांची गेली तशीच. घरात बसून डोके फिरायची वेळ आली तेव्हा एका मैत्रिणीने लोकर रंगवायला शिकवले. पुढे दुसरी नोकरी लागली, अर्धवेळ, पण लोकर सुटली नाही. आता बेसमेंटमध्ये एक इलेक्ट्रिक शेगडी, चार स्टीलची पातेली आणि एक वजनकाटा असा माझा कारखाना आहे. ही पातेली स्वयंपाकाला परत वापरायची नाहीत, हा पहिला नियम. आमच्या ह्यांनी एकदा त्यात पोहे भिजवले होते, त्यानंतर पातेल्यांना लाल टेप लावली.

काम तसे सोपे, पण घाईचे नाही. लोकर म्हणजे प्रथिन, केसासारखेच. तिच्यावर रंग चढायला आंबटपणा आणि उष्णता लागते. आधी लडी अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, मग रंगाच्या पाण्यात सोडून हळूहळू तापवायचे. उकळी फुटू द्यायची नाही. फार ढवळायचे नाही आणि गरम लोकर एकदम थंड पाण्याखाली धरायची नाही, नाहीतर धागे एकमेकांत गुंततात आणि हातात नमदा येतो. रंग पूर्ण चढला की पातेल्यातले पाणी नितळ होते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला खरेच वाटेना. तासाभरापूर्वी पातेल्यात जांभळी शाई होती आणि आता नळाचे पाणी! लाल रंग मात्र द्वाड. वरून चढल्यासारखा दिसतो आणि नंतर धुताना सुटतो. एका बाईंनी माझी डाळिंबी लड पांढऱ्या लोकरीबरोबर विणली आणि अख्खा स्वेटर गुलाबी झाला. पैसे परत केले, वर दोन लडी दिल्या. तेव्हापासून प्रत्येक लाल लड तीनदा धुते.

हळदीने रंगवायचा देशी उत्साहही करून झाला. पिवळाधमक, सुंदर रंग आला, पण उन्हात हळद टिकत नाही. खिडकीत मांडलेल्या लडी महिन्याभरात एका बाजूने फिकट पडल्या. त्या अजून कपाटात आहेत.

आई सुपर व्हिसावर सप्टेंबरमध्ये आली. बाबा गेल्यापासून कऱ्हाडच्या घरात एकटीच होती. आई-वडील इथे येतात तेव्हा काय होते ते वाचकांना नव्याने सांगायला नको. पहिला महिना नायगारा, सीएन टॉवर, देऊळ, मराठी मंडळाचा गणपती. मग ऑक्टोबर उजाडतो, पाच-साडेपाचलाच संध्याकाळ वाटायला लागते, आपण कामावर, मुले शाळेत, आणि त्या बिचाऱ्या खिडकीत. बस कुठली धरायची माहीत नाही. टीव्हीवरच्या मालिका तरी किती बघणार? आई तर भांडी घासून घासून पातळ करायला लागली.

एके दिवशी ती जिना उतरून बेसमेंटमध्ये आली. मी सायट्रिक ॲसिड मोजत होते. तिने चिमूटभर उचलून जिभेला लावले. मी ओरडलेच. ती म्हणाली, "अगं, हे तर लिंबूसत्त्व! ढोकळ्यात घालतो ते." आणि मग म्हणाली, "पण लोकर रंगवायचीच कशाला? काळी ती काळीच चांगली."

आईचे माहेर म्हसवडचे. तिच्या लेखी लोकर म्हणजे घोंगडी. माणदेशातल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्या, त्यांची काळी-करडी राठ लोकर, हाताने काढलेले सूत आणि सणगरांनी मागावर विणलेले घोंगडे. सुताला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून घोंगडे ताठ होते आणि पावसात पाणी सहज आत जात नाही. त्याला रंग कुणी लावत नाही, मेंढीचा रंग तोच घोंगड्याचा. माझी पेरूहून येणारी मेरिनो लोकर हातात घेऊन ती म्हणाली, "ही लोकर आहे का लोणी?"

तिला दोन सुयांवरचे विणकाम उत्तम येते. आम्हा भावंडांचे स्वेटर, भाचरांची टोपडी-मोजे, सगळे तिनेच केलेले. पण गेली वीस वर्षे सुया ट्रंकेत होत्या. बाजारात तयार स्वेटर स्वस्त मिळायला लागले, आणि कऱ्हाडला अशी थंडी ती किती? मी तिला दोन लडी आणि बांबूच्या सुया दिल्या. त्या रात्री जेवायला हाक मारली तर "एवढी ओळ होऊ दे" असे उत्तर आले. माझ्या लहानपणी ऐकलेले वाक्य, त्याच सुरात.

रंगांची नावेही तिनेच बदलली. मी इथल्या पद्धतीने ‘विंटर बेरी’, ‘मिडनाइट लेक’ असले काहीतरी लिहीत होते. तिने एकेक लड उजेडात धरली आणि बारसे केले : आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, वांगी, अबोली, शेवाळी. लुगड्यांच्या दुकानातली सगळी यादी. गंमत म्हणजे इथल्या विणणाऱ्या बायकांना ती नावे फार आवडली. ‘आमसुली म्हणजे काय’ हे सांगता सांगता मी सोलकढीपर्यंत पोहोचते आणि तोवर लड पिशवीत गेलेली असते.

आता थोडा हिशोब, कारण हा धंदा करावा का असे मला अनेक जणी विचारतात. शंभर ग्रॅमची बारीक लोकरीची लड, सुमारे चारशे मीटर, मला न रंगवलेली बारा-तेरा डॉलरला पडते. रंगवून ती तीसला जाते. एका दुपारी मी बारा लडी रंगवते. उलट स्कार्फला दोन लडी आणि आईच्या वेगानेही वीस-बावीस तास लागतात. पासष्ट डॉलरमधून लोकर, रंग, टेबलाचे भाडे वजा केले तर तीसेक उरतात, म्हणजे तासाला दीड डॉलर. ओंटारिओत किमान वेतन ऑक्टोबर २०२४ पासून ताशी १७.२० डॉलर होते. बाजारात माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणी स्कार्फ ठेवतात ते लडी खपाव्यात म्हणून. नमुना बघून गिऱ्हाईक म्हणते, असा मीच विणीन, लोकर द्या. स्कार्फची खरी किंमत लावली तर तो चारशे डॉलरला विकावा लागेल, आणि तो कोण घेणार?

कागदपत्रे फार नाहीत. विक्री चार तिमाहींत मिळून तीस हजार डॉलरच्या आत असेल तर एचएसटीची नोंदणी सक्तीची नाही. माझी त्याच्या जवळपासही जात नाही. लेबलावर मात्र धाग्याचे प्रमाण टक्क्यांत आणि इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांत लागते. फ्रेंचमध्ये लोकरीला ‘लेन’ म्हणतात. आई म्हणाली, "लेन आहे, मग देन कुठे आहे?"

तर तो नोव्हेंबरचा बाजार. शेवटी आवराआवर करताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी, ज्या मूळच्या न्यूफाउंडलंडच्या आणि तीस वर्षे हातमोजे विकताहेत, आईचे कौतुक केले आणि सहज विचारले, "आई इथे कायमच्या आल्यात का?" मी म्हटले, नाही, व्हिजिटर आहे. त्या थबकल्या. म्हणाल्या, "मग जरा चौकशी करून घे हो."

मी चौकशी केली. इथल्या इमिग्रेशनच्या नियमांत ‘काम’ या शब्दाची व्याख्या आहे. ज्याचे वेतन किंवा कमिशन मिळते ते काम, आणि जे इथल्या नागरिकांच्या किंवा कायम रहिवाशांच्या कामाशी थेट स्पर्धा करते तेही काम. सुपर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण काम करायची मुभा नाही. आई घरी बसून विणते, मी विकते, पैसे तिला देते. हे काम की हौस? मी ज्या सल्लागाराला विचारले ते म्हणाले, चार स्कार्फसाठी कोणी दारात येणार नाही, पण पुढच्या वेळी विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले तर आई काय सांगणार? माझी आई खरे सांगणार. अभिमानाने, किमतीसकट.

त्या रात्री मी तिला म्हटले, "आई, तुझे स्कार्फ आता विकायचे नाहीत."

तिला आधी वाटले विणकाम चांगले झाले नाही. मग नियम समजावला, तर तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी इथे खायचं, झोपायचं आणि तुमची वाट बघायची, एवढंच करायला परवानगी आहे होय?" मी काहीतरी बोलले, आवाज चढवून. चढवायला नको होता. अडीचशे डॉलर तिने पाकिटात घालून देवापुढे ठेवले होते, ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "हे पण ठेव. उगाच तुझ्यावर बालंट नको." मी ते परत ठेवले, तिने परत दिले. असे आठ दिवस. पाकीट देवघर ते स्वयंपाकघर फिरत होते.

मला त्या नियमाचा राग आला का? आला, पण त्याच्यामागचे कारणही दिसते. त्याच बाजारात माझ्यासारख्या वीस जणी टेबलाचे भाडे भरून बसतात, कर भरतात. फुकटच्या मेहनतीचा माल शेजारी आला तर त्यांनी काय करायचे? मी स्वतः किमान वेतनाचा हिशोब मांडते आणि आईच्या बावीस तासांचे पैसे मात्र तासाला दीड डॉलर धरते, हे मला तोवर सुचलेच नव्हते. सून, मुलगी, नातवंडे यांच्यासाठी आपल्या आया जे करतात त्याचा ताशी दर आपण कधी लावतो?

नवव्या दिवशी तीच बेसमेंटमध्ये आली. "मला विकायचं नाही ना? मग तू विण. मी शिकवते." मी पंचेचाळिशीची बाई, लोकर विकणारी, आणि सुलट-उलटच्या पुढे काही येत नव्हते. तिने पहिल्या स्कार्फच्या चौदा ओळी उसवल्या. दुसऱ्याच्या सहा. जानेवारी-फेब्रुवारीत रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघी सोफ्यावर. माझी मुलगीही दोन दिवस बसली, मग कंटाळली. आईने स्वतःसाठी मात्र एका मैत्रिणीमार्फत हॉस्पिटलला देण्यासाठी तान्ह्या बाळांची टोपडी विणली. किती, तर त्रेपन्न. त्याचे कोणी पैसे देत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त.

एप्रिलमध्ये ती परत गेली. जाताना बॅगेत दहा लडी घेऊन गेली. कऱ्हाडच्या एप्रिलमध्ये, पंख्याखाली, मांडीवर मेरिनो लोकर! शेजारच्या काकू विचारायच्या, "अहो, एवढ्या उन्हाळ्यात स्वेटर कुणाला?" ही म्हणायची, "कॅनडाची ऑर्डर आहे."

माझे डोके लगेच चालायला लागले. आता ती भारतात, तिथे तिच्या कामावर बंदी कसली? मी तिच्याकडून रीतसर विकत घेईन, कस्टमचे काय असेल ते भरीन. पार्सल आले, नऊ स्कार्फ. मग बाजाराचे अर्ज भरायला घेतले आणि नियमावली पहिल्यांदाच नीट वाचली : माल विक्रेत्याने स्वतः बनवलेला असावा, आयात केलेला चालणार नाही. म्हणजे इथे विणले तर परवानगी नाही म्हणून विकता येत नाही, आणि तिथे विणले तर परदेशी म्हणून टेबलावर ठेवता येत नाही.

मी फोन करून सांगितले. मला वाटले पुन्हा अबोला. ती हसत सुटली. "मग असं कर, तू विणलेले वीक आणि माझे वाट."

नऊपैकी एक त्या न्यूफाउंडलंडच्या बाईंना दिला. एक माझ्या मुलीच्या बस ड्रायव्हरला, तो पंजाबी, त्याने आईला व्हिडिओ कॉलवर नमस्कार केला. माझ्या हातचे तीन स्कार्फ या वर्षीच्या बाजारात ठेवलेत, त्यातला एक वांगी रंगाचा, कडेला चूक आहे. आईने ती फोनवरही बरोबर पकडली. म्हणाली, उसव. मी नाही उसवला, पंचेचाळीसला लावलाय. अजून गेला नाही.