दुकानाची पाटी

बाजारपेठेतून जाणाऱ्या माणसाला दुकानदार दिसण्यापूर्वी त्याची पाटी दिसते. दुकानदार आत गल्ल्यावर बसलेला असतो, माल फळ्यांवर आणि पोत्यांत असतो. पाटी मात्र ऊन, वारा, पाऊस सोशीत रात्रंदिवस रस्त्याकडे तोंड करून उभी असते. येणाऱ्याजाणाऱ्याशी पहिला शब्द तीच बोलते. तो शब्द स्पष्ट असला तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते. अस्पष्ट असला तर ते शेजारच्या दुकानात जाते, आणि आपले गिऱ्हाईक गेले हे दुकानदाराला कळतही नाही. म्हणूनच पाटी लिहून घेणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम मोठ्या विचाराने करावे लागते.

समजा, एका तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकासमोर एका बाईंनी खानावळ काढली. गाठीची सारी पुंजी त्यांनी भांडी, शेगडी आणि जागेचे भाडे यांत घातली आहे. पदरी दोन मुले आहेत. त्यांचे शिक्षण या खानावळीवरच व्हावयाचे आहे. बाईंच्या हाताला चव आहे, हे आळीतल्या सर्वांना ठाऊक आहे. पण गाडीतून उतरणारा प्रवासी परगावचा असतो. त्याच्या पोटात भूक असते आणि पुढची गाडी सुटावयास पाऊण तास उरलेला असतो. त्याला जे काही कळावयाचे ते पाटीवरूनच कळणार. मग या पाटीवर काय लिहावे आणि ते कसे लिहावे?

पहिला प्रश्न मजकुराचा. पैसे खर्च करावयाचेच तर सारे काही एकाच पाटीवर लिहून घ्यावे, असा मोह प्रत्येक दुकानदाराला होतो. देवाचे चित्र, दुकानाचे नाव, मालकाचे नाव, पंधरा पदार्थांची यादी, दूरध्वनीचा क्रमांक आणि वर एखादे सुभाषितही! परिणाम असा होतो, की काहीच वाचले जात नाही. रस्त्याने चालणारा मनुष्य पाटीकडे क्षणभरच पाहतो. त्या क्षणात त्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत : येथे काय मिळते आणि दुकानाचे नाव काय. ‘अन्नपूर्णा खानावळ’ एवढे दोन शब्द मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली ‘घरगुती जेवण’ हे दोन शब्द, एवढा मजकूर त्या बाईंच्या पाटीला पुरे आहे. रोज बदलणारे पदार्थ दाराशी काळ्या फळ्यावर खडूने लिहावेत. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी वाढलेल्या ताटाचे एखादे साधे चित्र उपयोगी पडते. चष्म्याच्या दुकानावर चष्म्याचे चित्र किंवा दंतवैद्याच्या पाटीवर दातांची कवळी असते ती याच हेतूने.

दुसरा प्रश्न अक्षरांच्या उंचीचा. पाट्या करणारे कारागीर याबाबत एक ढोबळ हिशेब धरतात. अक्षर सहज वाचता यावयाचे असेल, तर दर १० फूट अंतरास सुमारे १ इंच उंची धरावी. एस.टी. स्थानकाच्या दारापासून खानावळ ६० फुटांवर असेल, तर अक्षरे निदान ६ इंच उंचीची हवीत. देवनागरी लिपीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्या अक्षरांच्या माथ्यावर मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार असतात, तर पायाशी उकार असतात. म्हणून अक्षराच्या अंगाची उंची मोजून झाल्यावर वरखाली या चिन्हांसाठी निराळी जागा सोडावी लागते. ती न सोडली तर मात्रा चौकटीत घुसते आणि उकार खालच्या ओळीला टेकतो. चारी बाजूंना मोकळी सोडलेली जागा वाया गेली असे समजू नये. तिच्यामुळेच अक्षरे उठून दिसतात.

तिसरा प्रश्न अक्षरांच्या वळणाचा. लग्नपत्रिकेवर शोभणारे नक्षीदार वळण रस्त्यावरील पाटीवर शोभतेच असे नाही. लांबून पाहताना घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांतील भेद फार नाजूक असतो. ख हे अक्षर तर विशेषच फसवे. त्याचे दोन भाग एकमेकांपासून सुटे राहिले, की ते ‘रव’ असे वाचले जाते आणि बिचाऱ्या खानावळीची ‘रवानावळ’ होते! हा घोटाळा टळावा म्हणूनच ख चे दोन्ही भाग तळाशी जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. तेव्हा शिरोरेषा ठळक, वळण साधे आणि दोन शब्दांत पुरेसे अंतर, हेच पाटीचे खरे सौंदर्य होय.

चौथा प्रश्न रंगांचा. अक्षरे आणि त्यांमागील जमीन यांच्या रंगांत ठसठशीत विरोध हवा. भारतातील रेल्वे स्थानकांच्या नावांच्या पाट्या पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. गाडीच्या खिडकीतूनही नाव पटकन वाचता येते, याला हा विरोध मोठे साहाय्य करतो. तांबड्यावर जांभळे किंवा पांढऱ्यावर पिवळे अक्षर जवळून मोहक वाटले, तरी दहा पावलांवर ते विरून जाते.

मजकूर, उंची, वळण आणि रंग ठरल्यावर पाटीची परीक्षा घेणे सोपे आहे. रंग भरण्यापूर्वी अक्षरे खडूने आखून घ्यावीत आणि पाटी तिच्या जागी उभी करावी. मग रस्त्यापलीकडे जाऊन एखाद्या वृद्धाला आणि नुकत्याच वाचावयास शिकलेल्या मुलाला ती वाचावयास सांगावी. दोघेही न अडखळता वाचतील, तर रंगाऱ्याने खुशाल कुंचला उचलावा. हल्ली यंत्रावर छापलेल्या फ्लेक्सच्या पाट्या एका दिवसात तयार होतात. परंतु यंत्रालाही मजकूर माणसानेच द्यावयाचा असल्यामुळे ही परीक्षा तेथेही चुकत नाही.

पाटी कोठे व कशी लावावी, हेही महत्त्वाचे आहे. ती झाडाच्या फांदीआड जाऊ नये; रात्री तिच्यावर दिवा असावा; आणि ती भिंतीत पक्की बसवलेली असावी. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणांस मुकली. दुकानाची पाटी एवढी मोठी नसते, हे खरे. पण तिच्याखालूनही माणसेच जातात.

पाटीच्या भाषेविषयी कायदाही आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना यांच्या कायद्यात २०२२ साली सुधारणा झाली. तीनुसार दुकानात कामगार कितीही थोडे असले, तरी त्याच्या नामफलकावर देवनागरी लिपीत मराठी मजकूर असलाच पाहिजे. तो आरंभी असावा आणि त्याची अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत. ज्या लोकांत व्यापार करावयाचा, त्यांच्या भाषेत आपली ओळख सांगणे हे कायद्याइतकेच सौजन्याचेही लक्षण आहे.

सर्वांत शेवटी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाटी खरी असावी. ‘घरगुती जेवण’ असे लिहून शिळी भाजी आणि पाणचट आमटी वाढली, तर प्रवासी पाटीला एकदाच फसेल. पुढच्या खेपेस तो रस्ता ओलांडणार नाही. इतकेच नव्हे, तर गाडीतील शेजाऱ्यालाही सावध करील. पाटी गिऱ्हाईकाला दारापर्यंत आणते. त्याने पुन्हा यावे की नाही, हे ताट ठरवते.

म्हणून दसऱ्याच्या आधी दुकानांची रंगरंगोटी सुरू होते, तेव्हा शहाणा दुकानदार रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी आपली जुनी पाटी एकदा शांतपणे वाचतो. त्या बाईंच्या पाटीवर कधी काळी ‘गरम भाकरी’ असे लिहिलेले असेल आणि आता मनुष्यबळाअभावी भाकऱ्या सकाळीच थापून ठेवाव्या लागत असतील, तर त्यांनी एकतर ‘गरम’ हा शब्द पुसावा, नाहीतर तवा पुन्हा चुलीवर चढवावा. मगच पाटीला नवा रंग द्यावा आणि तिच्यावर झेंडूचे तोरण बांधावे.