मीठ टाकण्याआधी एकदा बघा!

पावसाची झड लागली, की गंगापूरकडं बांधावर, न्हाणीच्या भिंतीवर गोगलगायी दिसायला लागतात. घरातून लगेच आवाज येतो, 'अरे, मीठ आण!'

हा राग उगाच नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. पण ती गोगलगाय मूळची इथली नाहीच, ती आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंख-अभ्यासकानं ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि पुढं ती देशभर पसरली.

जंगलातल्या आपल्या छोट्या गोगलगायी वेगळ्या. कित्येक तर नखाएवढ्याही नसतात. सडका पाला, बुरशी खाऊन त्या जंगलाची माती घडवतात. म्हैसमाळ, गौताळ्याला गेलात, तर ओला पालापाचोळा, कुजकं खोड, दगडांच्या फटी निरखून बघा. उन्हाळ्यात बऱ्याच जणी शंखाच्या तोंडावर चिकट द्रवाचा पातळ पडदा ओढून झोपतात.

ओळखायची कशी?

शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडं असं धरा. तोंड उजवीकडं आलं तर शंख उजवा, डावीकडं आलं तर डावा. मग वेढे मोजा. शंख उंच की चपटा? खालून मधोमध बेंबीसारखं भोक आहे का? तोंडाची कड जाड झालीय का? बऱ्याच जातींत ती वाढ पूर्ण झाल्याची खूण असते. काहींना तोंडावर कायमचं झाकण असतं आणि त्यांचे डोळे शिंगांच्या टोकाला नाही, बुडाशी असतात. आफ्रिकन गोगलगायीचं पिल्लूही छोटंच दिसतं, पण तिचा शंख निमुळता आणि त्यावर तपकिरी पट्टे असतात.

समोरून, वरून, खालून असे तीन फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. कुठं, कशावर दिसली तेही लिहा. उघड्या हातानं धरू नका, जंतांचा धोका असतो. आणि जिवंत गोगलगाय घरी आणायची नाही.

याचा उपयोग काय? २०२१ मध्ये आंबोलीतली 'वरदिया आंबोलीएन्सिस' जगापुढं आली, तेव्हा तिची अख्खी प्रजातीच विज्ञानाला नवी होती. सरीसृप-अभ्यासक वरद गिरी यांचं नाव तिला मिळालं.

मिठाला मात्र शेतातली कोण अन् रानातली कोण, कळत नाही. ते आपल्यालाच कळायला हवं.