घरच्या गाडीखान्यांत जुनी लिफ्ट

आमच्या भागांत ज्याच्या घरीं ट्रॅक्टर, त्याच्या घरीं हल्लीं बहुधा एखादी जीप किंवा पिकअपही असते; आणि वाहन वाढलें कीं त्याच्या पोटाखालीं शिरण्याचे प्रसंगही वाढतात. सोनगीरहून धुळें सुमारें २० किलोमीटर, रस्ताही मुंबई-आग्र्याचा हमरस्ता. तरी कांदा निघण्याच्या दिवसांत गाडी दोन दिवस गॅरेजांत अडकली म्हणजे माल शेतांत आणि मालक गॅरेजाच्या बांकावर, अशी स्थिति होते. म्हणून पुष्कळ जण घरींच जॅक लावून, चाकाखालीं दगड सरकवून, गाडीखालीं निजतात. ही रीत किती घातक आहे हें सांगावयास नको. कांहींनीं खड्डा खणविला आहे. आम्हींही खणविला होता. पहिल्याच पावसांत त्यांत गुडघाभर पाणी सांचलें, आणि पाणी ओसरल्यावर एक नाग राहावयास आला. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें अशा खड्ड्यांत तळाशीं सांचून राहते, व तेथें एक ठिणगीही पुरते.

तेव्हां बंद पडलेल्या एका गॅरेजांतील दोन खांबांची लिफ्ट स्वस्तांत मिळते असें कळतांच आम्हीं ती घेऊन टाकली. पाटीवर ४ टन हा आंकडा होता, आणि आमची पिकअप रिकामी असतां दोन टनांच्या आंतच भरते. घेतांना आम्ही स्वतःस बरेच शहाणे समजत होतों.

या यंत्राचें तत्त्व खानदेशच्या शेतकऱ्यास नवें नाहीं. कापसाच्या प्रेसांत ज्या दाबानें गांठी आवळल्या जातात, तोच दाब येथें गाडी उचलतो. जोसेफ ब्रॅमा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं अशा दाबयंत्राचें पेटंट घेतलें. पुढें १९२५ सालीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं पीटर लुनाटी यानें त्याच तत्त्वावर गाडी उचलण्याचें यंत्र बनविलें. न्हाव्याची खुर्ची वरखालीं होतांना पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. आमच्या लिफ्टच्या प्रत्येक खांबांत एक सिलिंडर आहे. मोटार पंप फिरविते, तेल सिलिंडरांत शिरतें, आणि गाडीखालीं घातलेल्या भुजा वर चढतात. एक बाजू पुढें व दुसरी मागें राहूं नये म्हणून दोन्ही बाजू तारदोरांनीं एकमेकींस जखडलेल्या असतात, व खांबांत ठराविक अंतरावर खटके असतात.

विकणाऱ्याकडील मिस्तरीनें आमच्या गाडीखान्याची जुनी फरशी पायानें ठोकून पाहिली व म्हणाला, "नाना, तीन इंच कोबा आहे, कांहीं होत नाहीं." खांब उभे झाले, बोल्ट आवळले गेले, आणि पिकअप एक हातभर वर चढली. इतक्यांत कोब्यांतून कडाड असा आवाज झाला. डाव्या खांबाच्या मागच्या बोल्टापासून दारापर्यंत भेग गेली होती, आणि तो बोल्ट दोन आटे वर आला होता. आमचा पुतण्या खांबापासून चार पावलांवर उभा होता. गाडी तशीच हळू खालीं घेतली. ती आणखी पांच फूट वर गेली असती आणि खालीं कोणी काम करीत असतें तर काय झालें असतें, या विचारानें त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

दोष लिफ्टचा नव्हता. गाडीचा भार खांबावर सरळ बसत नाहीं, तो भुजांवर, म्हणजे खांबाच्या पुढें, बसतो. त्यामुळें खांब आंत झुकूं पाहतो आणि मागचे बोल्ट उपटले जाऊं पाहतात. बैलगाडी उलाळ झाली कीं जूं कसें वर उठतें तें आठवावें. येथें जूं धरून ठेवणारी वस्तु एकच, ती म्हणजे बोल्टाभोंवतालचें काँक्रीट. त्यांत आमची जमीन काळी. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. जी जमीन घराच्या भिंती तडकविते ती तीन इंच कोब्यास काय जुमानणार?

मग सर्व उखडलें. काळी माती चार फूट होती, ती काढून मुरुमापर्यंत गेलों. वर चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं, पाणी मारून व धुम्मस करून भरला. त्यावर सळईची दुहेरी जाळी आणि ९ इंच काँक्रीट, तेंही दोन खांबांखालीं वेगवेगळें नव्हे, तर सलग एकच लादी, म्हणजे एक खांब उचलला आणि दुसरा बसला असें होऊं नये. दिवस वैशाखाचे, ओलीं बारदानें पसरून सकाळ-संध्याकाळ पाणी दिलें, आणि २८ दिवस पुरे होईपर्यंत बोल्टांस हात लावूं दिला नाहीं. घरांतील तरुण मंडळी कुरकुरली. लिफ्टच्या किंमतीपेक्षां या जमिनीवर अधिक खर्च झाला, आणि तो योग्यच झाला असें आमचें मत आहे.

खांब ओळंब्यांत आणण्यासाठीं तळाशीं पट्ट्या घालाव्या लागतात. सोनगीर पडलें तांब्या-पितळेच्या भांड्यांचें गांव. पितळेचे तुकडे हवे तेवढे मिळतील, असें एकानें सुचविलें. पण पितळ मऊ, भाराखालीं दबतें; आम्हीं पोलादी पट्ट्याच घातल्या.

दुसरा मोह उंचीचा. खांब बारा फूट, आणि आमचे पत्रे अकरा फुटांवर. खांब दीड फूट कापून टाकावे असा सल्ला मिळाला. तो मानला असता तर सिलिंडर, तारदोर, तेलाच्या नळ्या, खटक्यांचीं स्थानें, सर्वांचाच मेळ बिघडला असता. आम्हीं खांब न कापतां तेवढ्या एका खणाचे पत्रे उंच केले. यंत्र घरास जुळवूं नये, घर यंत्रास जुळवावें.

विजेचा प्रश्न निराळा. मोटार ३ अश्वशक्तीची, थ्री फेजची. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीनें येते आणि घरांत सिंगल फेज. विहिरीवर कित्येक जण कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढतात, तो प्रकार येथें करूं नये. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह मिळतो, तो जाणत्या वायरमनकडून बसवावा. मात्र त्यांतून सुमारें २३० व्होल्टच निघतात. म्हणून स्टारमध्यें जोडलेली ४१५ व्होल्टची मोटार डेल्टांत जोडावी लागते, आणि त्यासाठीं तिचीं सहाही टोंकें बाहेर असलीं पाहिजेत. मोटार उलटी फिरली तर पंप दाब देत नाहीं. विहिरीचा पंप उलटा फिरतो तेव्हांचा अनुभव वाचकांस आहेच.

जुन्या लिफ्टचे तारदोर नवे आहेत असें विकणारा सांगतो. आम्हांसही सांगितलें होतें. फडकें लावून हात फिरवितांच तुटलेल्या तारा फडक्यांत अडकल्या. दोर, सिलिंडरांचीं सीलें व तेल आम्हीं सर्व बदललें. खटक्यांच्या स्प्रिंगा गंजल्या होत्या, त्याही. गाडी हव्या त्या उंचीच्या किंचित् वर न्यावी आणि मग दोन्ही खटक्यांवर बसवावी. तेलाच्या भरंवशावर कोणीही खालीं जाऊं नये. उतरवितांना प्रथम थोडी उचलून खटके सोडवावे.

ट्रॅक्टर या लिफ्टवर चढवूं नये, मग पाटीवरचा आंकडा कांहीं असो. भुजा टेकविण्यास त्यास जीपसारखी चौकट नसते, आणि त्याचा बहुतेक भार मागच्या चाकांवर असतो. एकच गाडी असणाऱ्यानें एवढा खटाटोप करूं नये, हेंही आम्ही मोकळेपणानें सांगतों. तीन-चार घरांनीं मिळून केल्यास तो अंगावर येत नाहीं.

नव्या लादीवर लिफ्ट बसल्यानंतरच्या पहिल्या आषाढांत, काळी जमीन भिजून फुगल्यावर, आम्हीं सर्व बोल्ट पुन्हां पान्यानें तपासले. उजव्या खांबाचा एक पाव फेरा फिरला, बाकीचे हलले नाहींत. पोळ्यास पुन्हां पाहिलें, तेव्हां तोही जागचा हलला नव्हता.