ईमेलखालची सही : आयती की घडवलेली?

आज मेलचा शेवट, म्हणजे नाव-हुद्दा-पत्त्याची सही. ती सेटिंग्जमधली आयती वापरावी, की स्वतः घडवावी?

जुन्या काळी राजांच्या पत्रांत मजकूर संपला की मोर्तबाचा शिक्का उठवत, म्हणजे त्याखाली कुणी पदरची ओळ घुसडू नये. ईमेलमध्ये ही हद्द दोन छोट्या आडव्या रेघा आणि त्यांच्यापुढची एक मोकळी जागा दाखवते. २००४ च्या आरएफसी ३६७६ या इंटरनेट मानकात हा रिवाज नोंदलेला आहे. ही खूण ओळखणारे मेल-प्रोग्राम उत्तर देताना खालची सही आपोआप गाळतात. जीमेल आपली सही जोडताना ही खूण स्वतःच घालतं. हातानं चिकटवलेल्या सहीत ती बहुतेक वेळा नसतेच, आणि मग दहा उत्तरांच्या मेलमध्ये तोच पत्ता दहादा वाचावा लागतो.

संगणकावर जीमेलच्या सगळ्या सेटिंग्ज उघडा. पहिल्याच पानावर खाली स्वाक्षरीचा रकाना आहे. तिथे एकाहून अधिक सह्या ठेवता येतात. नव्या मेलला कोणती आणि उत्तराला कोणती, तेही ठरवता येतं. माझं मत विचाराल तर नव्या मेलला पूर्ण पत्ता द्या, उत्तराला नुसतं नाव-हुद्दा पुरे.

तरीही आपल्याकडे पुष्कळ जण सहीचं चित्र करून घेतात. त्याला कारण आहे. डीटीपीवाल्याकडे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा गिचमिडा होऊन दिसतं. चित्रात तसं होत नाही. पण चित्रातला मोबाइल नंबर बोटानं दाबून फोन लागत नाही, पत्ता कॉपी होत नाही, आणि समोरच्यानं चित्रं बंद ठेवली असतील तर सहीच्या जागी रिकामी चौकट दिसते. युनिकोड मराठीत ‘एरंडोल, जि. जळगाव ४२५१०९’ असं सरळ टाइप केलं की या सगळ्या अडचणी सुटतात. लोगो हवाच असेल तर तो छोटा ठेवा आणि नाव, नंबर, पत्ता मजकुरातच राहू द्या.

स्वतः घडवलेली सही खरोखर लागते ती एका ठिकाणी. शाळेनं पालकांना निकाल पाठवायचा आहे किंवा जिनिंगवाल्यानं व्यापाऱ्यांना हिशेब, आणि गूगल शीटला जोडलेली अॅप्स स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) एका झटक्यात सगळे मेल सोडते. स्क्रिप्टनं पाठवलेल्या अशा मेलला सेटिंग्जमधली सही लागत नाही. मेल सहीविना जातो, आणि पालकाला तो फसवणुकीचा वाटला तर त्याचं काय चुकलं? तिथे सहीचा मजकूर स्क्रिप्टमध्येच लिहावा, किंवा जीमेल एपीआयमार्फत (प्रोग्रामला जीमेलमधली माहिती वाचू देणारी सोय) खात्यातली सही वाचून मजकुराखाली जोडावी. दुसरी वाट मला अधिक पसंत आहे, कारण नंबर बदलला तर तो सेटिंग्जमध्ये एकदाच बदलावा लागतो.

संस्थेचं स्वतःचं गूगल वर्कस्पेस असेल तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलला एकच तळटीप जोडण्याची सोय अॅडमिनकडे असते. संस्थेचं नाव-पत्ता तिथे ठेवावा, व्यक्तीचं नाव ज्याचं त्यानं.

फोनवरच्या जीमेल अॅपमध्ये ‘मोबाइल स्वाक्षरी’ वेगळी भरता येते. तिथे फक्त साधा मजकूर चालतो, म्हणून नाव, संस्था आणि फोन एवढंच घाला.